फट कुठं आहे, सारेलला विचारा

आमच्या गावात कुणाचं छप्पर गळू लागलं, कुणाच्या नवऱ्याचा पगार घरी येईपर्यंत अर्धा झाला, किंवा एकीचं गुपित दुसरीच्या तोंडून बाहेर पडलं, की लोक हसून म्हणतात, "फट कुठं आहे ते सारेलला विचारा." सारेल बोस्टांडरला ही थट्टा आवडायची. त्याला पाहून दारूच्या दुकानासमोरची पोरं नाक फेंदारायची, तेही त्याला चालायचं. त्याचं दुसरं नावच होतं नाकवाला.

हे नाव त्याला त्याच्या बायकोनं दिलं. गावापासून दीड तासाच्या कच्च्या रस्त्यावर, दक्षिण आफ्रिकेतल्या कारू नावाच्या उघड्या माळावर, आकाश ऐकणाऱ्या मोठाल्या पांढऱ्या थाळ्या उभ्या आहेत. कुठल्या तरी ताऱ्यानं आमच्या पणजोबांच्या पणजोबांआधी सोडलेला उसासा त्यांना ऐकायचा असतो, त्यामुळे शेजारी कुणी कुजबुजलेलंही त्यांना खपत नाही. म्हणून तिथं मोबाइल नाही, ठिणगीवर चालणारी पेट्रोलची गाडी नाही, कसलंही रेडिओच्या लाटा सोडणारं यंत्र नाही. न्यायचंच असेल तर ते पत्र्यात, जाळीत किंवा तांब्याच्या कापडात असं गुंडाळायचं, की आतलं बाहेर ऐकू येता कामा नये. आणि ते गुंडाळलेलं खरंच बंद आहे की नाही, हे मोजायचं काम सारेलचं.

कामाची पद्धत साधी होती. एक मोठा लोखंडी खोका, त्याच्या एका भिंतीला ताटाएवढं भोक. खोक्यात एक लहान यंत्र लाटा सोडत बसायचं आणि बाहेर सारेल अँटेना लावून पडद्याकडे बघत बसायचा. आधी भोक उघडं ठेवून मोजायचं. मग जे कापड किंवा जो पत्रा तपासायचा तो भोकावर आवळून बसवायचा आणि पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे त्या वस्तूनं अडवलेली लाट. दहा डेसिबल म्हणजे दहातला एक भाग निसटला, वीस म्हणजे शंभरातला एक, तीस म्हणजे हजारातला एक. थाळ्यांना तेवढ्यानंही भागायचं नाही.

त्यानं हे बायकोला, ड्रीकाला, पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती मेंढीच्या आतड्यांचं कालवण ढवळत होती.

"हे बघ, झाकण काढ. वास येतो ना? आता ठेव. किती कमी झाला? तेच मी मोजतो."

"म्हणजे तुला वास घ्यायचा पगार मिळतो?" ड्रीका म्हणाली. "आणि माझ्याकडे एवढी वर्षं फुकट घेत होतास!"

रविवारी तिनं ही गोष्ट चर्चच्या बायकांना सांगितली. सोमवारी सगळं गाव त्याला नाकवाला म्हणू लागलं.

सारेल तसा साधा माणूस, पण कामात भलता चिवट. त्याची दोन वाक्यं त्याच्या हाताखाली शिकलेल्या जोलीनला तोंडपाठ होती. पहिलं, "पत्रा गळत नाही, गळते ती फट." दुसरं, "काही नाही असं म्हणायचं नाही, आकडा सांगायचा." यंत्राला काही दिसलं नाही, तर यंत्राला किती लहान दिसू शकतं तो आकडा सांगायचा. 'काही नाही' म्हणणारा माणूस एक तर आळशी असतो नाही तर खोटारडा, असं त्याचं मत होतं. त्यानं मोठे साहेब रामसामी यांची नवी विजेरी नापास केली होती. थाळ्यांना आशीर्वाद द्यायला आलेल्या पाद्र्याचं कानातलं यंत्र फाटकावर काढून ठेवायला लावलं होतं. बहिऱ्या पाद्र्यानं मग इतक्या मोठ्यानं प्रार्थना म्हटली, की दोन टेकड्यांपलीकडच्या मेंढ्या उधळल्या.

या सगळ्यात हसू होतं. पण एक दिवस असा आला, की त्यानं ड्रीकालाही नापास केलं.

त्याचं असं झालं. सारेल आणि ड्रीका तरुणपणी डोर्नपानच्या फार्मवर मेंढ्या राखायचे. तिथंच त्यांचं एकुलतं पोर, यापी, चार वर्षांचं असताना घशाच्या आजारानं गेलं. मालकाचा ट्रक बंद पडला होता आणि डॉक्टर दूर होता. एवढंच कारण, यापेक्षा मोठं कारण गरिबाच्या पोराला लागत नाही. मजुरांच्या लहानशा कबरस्तानात, मिरीचं म्हणतात त्या मोठ्या झाडाखाली त्याला ठेवलं आणि भोवती दगड मांडले. पुढं दोघं गावात आले, फार्म विकला गेला आणि ती जमीन थाळ्यांच्या कुंपणात गेली. जुन्या मजुरांना कबरी बघायला आत सोडायचे. ड्रीका दरवर्षी जायची, दगडांना चुना लावायची, झाडाखाली बसून डब्यातला पाव खायची आणि परत यायची. दुसरं मूल झालं नाही. ती त्याविषयी कधी बोलली नाही, पण चुना मात्र ती दुसऱ्या कुणाला लावू द्यायची नाही.

मग तिचं हृदय अडखळू लागलं. केप टाऊनच्या इस्पितळात तिच्या डाव्या खांद्याशी, गळ्याच्या हाडाखाली चीर देऊन एक यंत्र बसवलं. हृदय थबकलं की ते धक्का द्यायचं, आणि थोड्या थोड्या वेळानं हवेत एक बारीकशी हाक सोडायचं. ती हाक उशापाशी ठेवलेल्या पांढऱ्या पेटीला ऐकू जायची. पेटी तिची खबर केप टाऊनला कळवायची, आणि हाक मिळाली की पेटीचा दिवा हिरवा व्हायचा. ड्रीका झोपताना पेटीला म्हणायची, "चल बाई, कर माझी चुगली."

त्या वर्षी ती चुन्याची बादली घेऊन फाटकावर आली. जोलीनची सुट्टी होती, त्यामुळे मोजायला सारेलच उभा होता. पडद्यावर सपाट रेघेतून एक लहानसा कोंब वर आला आणि मिटला. थोड्या वेळानं पुन्हा आला. ड्रीका नवऱ्याकडे बघत होती, नवरा पडद्याकडे.

"काय झालं?"

"तू वाजतेस," सारेल म्हणाला.

"मग?"

"मग तुला आत सोडता येत नाही."

ती हसली. तिला वाटलं, तो थट्टा करतोय. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि बादली खाली ठेवली. "अरे, मी त्याची आई आहे," ती म्हणाली. सारेलनं आकडा सांगितला. बायको समोर रडायच्या बेतात उभी असताना या माणसानं आकडा सांगितला! मला विचाराल तर त्या दिवशी त्याच्या दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. पण ड्रीकानं दिल्या नाहीत. ती गाडीत जाऊन बसली, आणि दगडांना चुना त्यानं एकट्यानं लावला.

नंतर त्यानं हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा काही तरी केलं, हे मात्र कबूल करायला हवं. उरल्यासुरल्या तांब्याच्या कापडाची त्यानं तिच्यासाठी बंडी शिवली. अंगणात तिला ती घालून उभं केलं आणि मोजलं. आकडा कमी झाला, पण पुरेसा नाही. त्यानं कॉलर उंच केली, बाह्या लांब केल्या. ड्रीका उन्हात घामाघूम होऊन उभी, आणि कुंपणावर शेजारणी हसतायत.

"जमेल का रे?"

"नाही," तो शेवटी म्हणाला. "कापड चांगलं आहे गं. पण गळा आणि हात बाहेर असले की फट राहतेच. सगळीकडून बंद झाल्याशिवाय पास होत नाही."

"म्हणजे मला पेटीतच घालावं लागेल," ड्रीका म्हणाली आणि शेजारणींसकट सगळे हसले. मग स्वयंपाकघरात आल्यावर तिनं बंडी काढली, घडी करून टेबलावर ठेवली आणि त्याचा हात धरला. "ऐक. पुन्हा मला कुणी चिरायचं नाही. मेल्यावरही नाही. मला आहे तशी यापीजवळ ठेवायची. कसं ते तू बघ. नाकवाला ना तू?"

"बघतो," तो म्हणाला. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

चार वर्षं ती फाटकाबाहेरच राहिली. आणि एका सकाळी ओट्यावर घेवडा निवडताना तिची मान छातीवर पडली. तिची थोरली बहीण लेनी शेजारीच राहायची, तिनं आधी पाहिलं. सारेल कामावरून धावत आला तेव्हा ड्रीकाला पलंगावर ठेवलं होतं, हनुवटीला रुमाल बांधला होता, आणि उशापाशी पांढऱ्या पेटीचा दिवा हिरवागार होता.

"बंद कर ते मेलं!" लेनी ओरडली. "बाई गेली तरी तिची चुगली चाललीये!"

सारेल दिव्याकडे बघत राहिला. डॉक्टरनं त्याला समजावलं होतं की या यंत्राला माणूस जिवंत आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. बॅटरी अजून सात-आठ वर्षं चालणार होती. तेवढी वर्षं ड्रीका थोड्या थोड्या वेळानं हाक मारत राहणार होती, ती असो वा नसो.

मयताचं बघणारा फ्लोर्स आला. टोपी काढून तो हळूच म्हणाला, "ओम सारेल, लहानशी चीर. कुणाला कळणारही नाही. काढून टाकतो, मग तुम्ही खुशाल डोर्नपानला न्या." ओम म्हणजे आमच्याकडे काका, वयानं मोठा कुणीही पुरुष.

"चिरायचं नाही."

"मग गावच्या कबरस्तानात ठेवू या. तिथं वाजली तरी कुणाचं काही जात नाही."

"तिथं यापी नाही," सारेल म्हणाला.

केप टाऊनला फोन केला. यंत्र बाहेरूनच बंद करता येतं म्हणाले, पण ते करणारा माणूस पुढच्या महिन्यात आमच्या बाजूला येणार होता. कारूच्या उन्हाळ्यात मयत पुढच्या महिन्यापर्यंत ठेवतात होय? पुरायचं शनिवारी हे ठरलेलंच होतं.

लेनीनं कंबरेवर हात ठेवले. बहिणीच्या शोकात रडायचं सोडून ती भांडत होती, कारण भांडण थांबलं की ती कोसळणार होती, हे सगळ्यांना दिसत होतं. "तुझ्या थाळ्या! आधी आमचे फोन घेतले. मग तिला पोराच्या कबरीपासून तोडलं, आणि तेही तू, सख्ख्या नवऱ्यानं! आता मेलेल्या बाईची धडधडही चालत नाही त्यांना?"

"तान्नी, मी नेतो तिला," सारेल म्हणाला. तान्नी म्हणजे आमच्याकडे मावशी, काकू, वयानं मोठी कुणीही बाई. सारेल लेनीला एरवी नुसतं लेनी म्हणायचा. "मला शनिवारपर्यंत वेळ दे."

रामसामी साहेब माणूस म्हणून चांगले. त्यांनी नियम सांगितला आणि कार्यशाळेची किल्ली दिली. शवपेटी इतर कुठल्याही पेटीसारखीच मोजायची. उत्तीर्ण झाली तर फाटक उघडेल.

सुतारानं पाइनची पेटी करून दिली. सारेलनं तिला आतून तांब्याचं कापड लावलं आणि त्यावर चर्चच्या बायकांनी पांढरं साटीन. मग त्यानं रिकाम्या पेटीत ते लाटा सोडणारं यंत्र ठेवलं, झाकण लावलं आणि मोजलं. नापास. अँटेना घेऊन तो कडेनं फिरला. झाकण आणि पेटी जिथं भेटतात, तिथंच गळत होतं, दुसरीकडे कुठंच नाही. त्यानं कडेला तांब्याच्या कंगव्यासारख्या पट्ट्या बसवल्या, झाकण दाबलं की दाते वाकून घट्ट टेकतील अशा. मळसूत्रं दुप्पट केली. पुन्हा मोजलं. पुन्हा घासलं, पुन्हा मोजलं. जोलीन चहा घेऊन आली तो तसाच थंड झाला. अखेर आकडा आला. एवढी चांगली पेटी त्या कार्यशाळेतून कधी बाहेर पडली नव्हती. जोलीन म्हणाली तसं, आणि मग तोंडावर हात ठेवून बाहेर गेली. सारेलला मात्र त्या क्षणी कामाचं समाधान वाटलं, आणि ते वाटल्याबद्दल स्वतःची शिसारी आली.

शनिवारी सकाळी घरातून ड्रीका निघाली. चर्चच्या बायका काळ्या-पांढऱ्या पोशाखात दोन रांगा करून उभ्या होत्या, आणि ड्रीकालाही तोच पोशाख घातला होता. आमच्यात झाकण बायका लावतात, नवऱ्यानं तेव्हा अंगणात उभं राहायचं असतं. सारेलनं लेनीला बजावलं होतं, "आत काही ठेवू नका. झाकण सरळ खाली, मग मळसूत्रं, मी सांगितलं तशी समोरासमोरची." लेनी हो म्हणाली. आतून गाणं ऐकू आलं, मग मळसूत्रांचा आवाज. सारेल अंगणात आपल्या बुटांकडे बघत उभा होता.

जुन्या डिझेलच्या गाडीवर पेटी चढवली. मागं आणखी तीन गाड्या. फाटकावर सगळ्यांनी आपापले फोन पत्र्याच्या डब्यात टाकले, पाद्र्यानं न सांगता कानातलं यंत्र काढलं. जोलीन अँटेना घेऊन आली. आज तिनं काळा झगा घातला होता. तिनं पेटीच्या कडेनं अँटेना फिरवली, मग एके जागी थांबली आणि पडद्याकडे बघत राहिली. हाक थोड्या थोड्या वेळानंच येते, तेवढं थांबावंच लागतं. लोक उन्हात उभे होते. बायकांनी गाणं सुरू केलं.

जोलीननं पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

"काही नाही, ओम सारेल," ती म्हणाली. "जा तुम्ही. घेऊन जा त्यांना."

सारेल जागचा हलला नाही.

"आकडा सांग."

"ओम, काही नाही म्हटलं ना."

"जोलीन. आकडा."

त्यानं तिच्या हातातून अँटेना घेतली आणि पडदा आपल्याकडे वळवला. डाव्या बाजूला, खांद्यापाशी, त्यानं ती धरली. रेघ सपाट होती. मग तिच्यातून एक कोंब वर आला आणि मिटला. त्यानं तो ओळखला. चार वर्षांपूर्वी याच फाटकावर त्यानं तो पाहिला होता.

रामसामी काळा कोट घालून आले होते. ते जवळ आले आणि त्यांनी सारेलच्या खांद्यावर हात ठेवला. "सारेल, जमिनीखालीच तर जातेय. वर माती येईल. मी सही करतो. आज मोजू नकोस."

"कोरडी माती आहे, साहेब. तुम्हालाच ठाऊक आहे, ती किती कमी अडवते."

"कुणाला कळणार नाही."

"कळतं," सारेल म्हणाला. "पुढच्या वर्षी थाळ्यांत कुठून तरी खरखर येईल. तुमचीच पोरं गाडी घेऊन शोधत निघतील. मीच शिकवलंय त्यांना. दगड बाजूला करतील, खणतील. मग तिला वर काढतील आणि चिरतील. मला तिला दोनदा पुरायचं नाही."

रामसामींनी हात काढला. खरंच होतं ते.

पण सारेलनं लगेच काही केलं नाही. तो अँटेना धरून उभा राहिला. कोंब आला, मिटला. तो पुढच्याची वाट बघत राहिला. पुन्हा आला. लोकांना वाटलं, तो मोजतोय. मी सांगते, तो काही मोजत नव्हता. ती हाक मारत होती आणि तो ऐकत होता. एवढंच चाललं होतं. बायकांचं गाणं संपलं, दुसरं सुरू करायचं कुणाला सुचेना. पाद्र्याला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तोच एकटा शांतपणे हात जोडून उभा होता.

"फट कुठं आहे, ओम?" जोलीननं रडत विचारलं. ते गावातलं थट्टेचं वाक्य आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सारेलनं खिशातून पाना काढला. गाडीवर चढून त्यानं मळसूत्रं सैल केली आणि झाकण उचललं. आमच्यात एकदा लावलेलं झाकण नवऱ्यानं उघडायचं नसतं, पण कुणी अडवलं नाही. डाव्या कडेला, तांब्याच्या दात्यांमध्ये, निळ्या लोकरीचं एक टोक अडकलं होतं. ते त्यानं ओढलं. पाठोपाठ लहान मुलाची शाल आली, हातभर, कोपऱ्यात झेब्र्याचं वेडंवाकडं चित्र विणलेली. यापीची. त्याच्यासोबत मातीत गेली असं सारेल तीस वर्षं समजत होता.

"तिनं मला सांगून ठेवलं होतं," लेनी खालून म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं. "तुला दाखवायची नाही म्हणाली होती. तू फेकून देशील अशी भीती होती तिला, कारण तू त्याचं नावच काढायचा नाहीस. मी नुसती हातात दिली रे तिच्या. बाहेर आली असेल ते कळलं नाही मला."

सारेलनं शाल नाकाशी धरली. तिला आता कुणाचाच वास नव्हता, नुसता कपाटातल्या कापराचा. त्यानं तिची घडी घातली, लहान, आणखी लहान, आणि ड्रीकाच्या हाताखाली सरकवली. तिचा हात गार होता. तिच्या कॉलरची कड नीट केली. आणि मग तिथंच, अर्ध्या गावासमोर, तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "सोडतो हं आत. आता सोडतो."

मग त्यानं झाकण खाली आणलं. एक मळसूत्र इकडचं, एक समोरचं, एक डोक्याकडचं, एक पायाकडचं. शेवटचं पिळताना त्याचा हात थांबला. या शेवटच्या पिळ्यानंतर काय होणार हे त्या सगळ्या माणसांत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं पाना दोन्ही हातांनी धरला आणि पिळला.

खाली उतरून त्यानं अँटेना घेतली आणि कडेनं फिरवली, डोक्याकडून पायाकडं, पायाकडून डोक्याकडं. खांद्यापाशी थांबला. रेघ सपाट. तो थांबला, आणखी थांबला, नेहमी थांबतात त्याच्या कितीतरी पट थांबला. सपाट.

जोलीनच्या हातात पेन होतं. फाटकाच्या कागदावर आकडा लिहायचा असतो. "ओम," ती म्हणाली, "किती?"

सारेलनं तोंड उघडलं. यंत्राला किती लहान दिसतं तो आकडा त्याला झोपेतही सांगता आला असता.

"काही नाही," तो म्हणाला. "काहीच नाही गं."

मिरीच्या झाडाखाली त्यांनी तिला यापीच्या उजव्या हाताला ठेवलं. बहिऱ्या पाद्र्यानं इतक्या मोठ्यानं प्रार्थना म्हटली, की थाळ्यांनीही ऐकली असती, पण माणसाच्या आवाजाशी त्यांना देणंघेणं नसतं. लेनीनं चुना आणला होता. सारेलनं ब्रश घेतला नाही. "तू लाव," तो म्हणाला. लेनीनं जुन्या आणि नव्या सगळ्या दगडांना चुना लावला आणि मग लोक गावात परतले, पिवळा भात आणि मटण खायला.

सोमवारी सारेल कामावर गेला नाही. सकाळी तो पलंगाच्या काठावर बसला होता. उशापाशी पेटी अजून तशीच होती. दिवा आता हिरवा नव्हता, नारिंगी होता आणि लुकलुकत होता, शोधत असल्यासारखा. लेनीनं दोनदा तिची वायर काढायला हात घातला होता, दोन्ही वेळा सारेलनं तो धरला होता.

फोन वाजला. केप टाऊनच्या इस्पितळातून एक नर्स बोलत होती, वयानं लहान असावी, आवाज मोठा गोड होता. यंत्र बंद करायचं विचारलं होतं ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, मोठ्या इस्पितळांत कुणाचं कुणाला कळतं?

"सुप्रभात! ड्रीका बोस्टांडर यांचं घर ना? त्यांच्या यंत्राकडून आम्हाला शनिवारपासून काहीच येत नाहीये. त्या कुठं बाहेरगावी गेल्या आहेत का?"

सारेलनं वर पाहिलं. लेनी दारात उभी होती.

"हो," तो म्हणाला. "डोर्नपानला."

"अस्सं. आणि तिथं सिग्नल पोचत नसेल?"

"नाही," सारेल म्हणाला. "तिथं नाही पोचत. मी स्वतः मोजलंय."

"मग हरकत नाही, काळजी करू नका," नर्स म्हणाली. "कुणाकडे गेल्या आहेत?"

"मुलाकडे."

"किती छान! परत आल्या की त्यांना सांगा हं, रात्री पेटीजवळच झोपायचं. म्हणजे आम्हालाही कळतं, त्या ठीक आहेत."

"सांगतो," सारेल म्हणाला. त्यानं फोन ठेवला आणि पलंगाच्या आपल्या बाजूला सरकून बसला, पेटीकडची जागा मोकळी ठेवून.